नाशिकमध्ये मतदारांचा सर्वे करायचाय? पहिल्यांदा दारात उभं राहण्याआधी

माझ्या पहिल्या सर्वेत मी एका दिवसात २२ फॉर्म भरले होते. सिडकोत, भर एप्रिलमध्ये. संध्याकाळी मोठ्या ऐटीत गठ्ठा सुपरवायझरसमोर ठेवला. त्यांनी तो पत्त्यांसारखा चाळला आणि एवढंच विचारलं, "यात कंपनीत जाणारा एक तरी माणूस आहे का?"

नव्हता. सकाळी अकरा ते चार मी दारं वाजवत फिरले होते. त्या वेळात घरी सापडतात ते निवृत्त काका, आज्या, लहान बाळाची आई आणि परीक्षा संपलेली मुलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या जिवावर उभी राहिलेली वस्ती, प्रश्न रस्ते-पाणी-रोजगाराचे, आणि उत्तर देणाऱ्यांत कारखान्यातलं कुणीच नाही. सगळा गठ्ठा बाद झाला.

तेव्हापासून कुठलाही सर्वे हातात आला की मी आधी हिशेब मांडते, यातून कोण निसटणार आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाभोवती फिरतात. तुम्ही महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी निघाला असाल, एखाद्या संस्थेसाठी किंवा स्वतःच्या प्रभागात लोकांना काय वाटतं ते बघायला, पद्धत एकच.

१. "सरकार" म्हणजे कोण, ते आधी ठरवा

"तुम्ही सरकारच्या कामावर समाधानी आहात का?" हा प्रश्न कागदावर चांगला दिसतो. गावात मात्र सरकार म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, आमदार, मुंबई आणि दिल्ली, सगळं एकाच शब्दात. निफाडचा शेतकरी वैतागून "सरकारने मारलं" म्हणतो तेव्हा तो कांद्याबद्दल बोलत असतो आणि निर्यातीचा निर्णय केंद्राचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली. राज्याच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. त्याच माणसाला विजेबद्दल विचारलं तर राग राज्यावर निघतो, आणि गावातल्या नळाबद्दल विचारलं तर सरपंचावर.

म्हणून आधी कागदावर तीन रकाने करा: केंद्र, राज्य, स्थानिक. प्रत्येक प्रश्न कुठल्या रकान्यात बसतो ते लिहा. बसत नसेल तर प्रश्न मोडून पुन्हा लिहा. उलट, लोक कशाची जबाबदारी कुणावर टाकतात हेच तुम्हाला शोधायचं असेल, तर तसा थेट प्रश्न ठेवा: "कांद्याच्या भावाचा निर्णय कोण घेतं असं तुम्हाला वाटतं?" अशा प्रश्नांतून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं आहे.

एक फजिती सांगते. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतरच्या वर्षी आमच्या प्रश्नावलीत जुन्या फॉर्मवरून उचललेला एक प्रश्न राहून गेला, "तुमच्या नगरसेवकाच्या कामाबद्दल काय वाटतं?" नगरसेवक अस्तित्वातच नव्हते. तरी बहुतेकांनी बेधडक उत्तरं दिली. कुणी माजी नगरसेवक धरला, कुणी पुढच्या वेळी उभा राहणारा धरला. माणूस सहसा "माहीत नाही" म्हणत नाही, दारात आलेल्याचा मान राखतो. त्यामुळे चुकीच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं, आणि चूक झालीय हे तुम्हाला कुणी सांगत नाही.

२. नकाशा आणि नमुना

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि तालुकेही १५. आकडा सारखा, हद्दी वेगळ्या. नवखे हमखास अडकतात ते इथे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, देवळा हे तालुके आहेत, पण त्या नावाचा मतदारसंघ नाही. लोकसभेचं तर आणखी गमतीशीर. नाशिक मतदारसंघात सहा विधानसभा, दिंडोरीत सहा, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण हे तीन धुळ्याला जोडलेले. "नाशिक जिल्ह्याचा लोकसभेचा कौल" असं लिहायला बसलात तर तीन खासदारांचा हिशेब करावा लागेल.

किती लोकांना विचारायचं? गणित सांगतं, पूर्णपणे यादृच्छिक निवड असेल, म्हणजे प्रत्येकाचं नाव निघण्याची शक्यता सारखी असेल, तर ३८४ जणांत साधारण ५ टक्के इकडे-तिकडे, १,०६७ जणांत ३ टक्के. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. पण आपण एकेका मतदान केंद्रावरचे २० जण घेतो आणि शेजारीपाजारी एकसारखं बोलतात, एकाच टँकरची वाट बघतात. म्हणून हा आकडा दीडपट-दुप्पट धरावा. आणि लक्षात घ्या, ३८४ हा आकडा अख्ख्या जिल्ह्याबद्दल बोलण्यापुरता आहे. "सिन्नरमध्ये काय आणि कळवणमध्ये काय" असं वेगवेगळं सांगायचं असेल तर तेवढे लोक प्रत्येक ठिकाणी लागतात. जिल्ह्यात ४०० फॉर्म भरून मतदारसंघनिहाय तक्ते छापणारे मी पाहिलेत. एका मतदारसंघाच्या वाट्याला २६-२७ फॉर्म येतात, त्यावर टक्केवारी काढणं म्हणजे चेष्टा आहे.

मोठ्या आकड्याने भुलू नका. अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त लोकांची मतं टपालाने जमवली आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार, लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. साप्ताहिकाने पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि ते मंदीचे दिवस होते. आजचं त्याचं भावंड म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटांत फिरणारी लिंक. सोसायटीच्या गटात टाकलेल्या लिंकवर गंगापूर रोड भरभरून बोलतो, पंचवटीतली झोपडपट्टी बोलत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत वरचंच घेऊन चालत नाही. पातेल्याच्या तळाशी लागलेलं असू शकतं. म्हणून जिल्हा आधी थरांत वाटा. माझी वाटणी अशी असते: नाशिक शहर, मालेगाव शहर, निफाड-दिंडोरीसारखा बागायती पट्टा, येवला-नांदगाव-सिन्नरसारखा पाण्याची ओढाताण असलेला भाग, आणि पेठ-सुरगाणा-त्र्यंबकेश्वर-इगतपुरीचा आदिवासी भाग. प्रत्येक थरातून मतदारांच्या प्रमाणात मतदान केंद्रं चिठ्ठी टाकून उचला. सोयीची, रस्त्यालगतची केंद्रं निवडण्याचा मोह फार होतो. चिठ्ठीत सुरगाण्याचं शेवटचं गाव आलं तर तिथे जायचंच.

३. मतदार यादीतून नावं काढणं

यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय, भागनिहाय मिळते. ती चित्रासारखी असते, त्यात नाव शोधता येत नाही, म्हणून सरळ छापून घ्या. शेवटच्या पानांवरची पुरवणी आणि वगळलेली नावं नीट पाहा.

समजा, एका भागात १,०८० मतदार आहेत आणि तुम्हाला २० हवेत. १,०८० भागिले २० म्हणजे ५४. आता १ ते ५४ मधली एक चिठ्ठी काढा. १७ आली, तर १७, ७१, १२५, १७९ असे ५४-५४ च्या अंतराने अनुक्रमांक घेत जा. झालं. तुमच्या आवडीनिवडीला इथे जागा उरत नाही, आणि तेच हवंय.

अडचण पुढे येते. यादीतला घर क्रमांक गावात बहुतेक वेळा कामाचा नसतो. नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सांगून विचारत जावं लागतं. किराणा दुकान, अंगणवाडी आणि पिठाची गिरणी ही तीन ठिकाणं कुठल्याही नकाशापेक्षा कामाची. तरी २० पैकी काही वारलेले, काही लग्न होऊन गेलेल्या, काही पुण्याला असणार. सगळं वहीत लिहा. "सापडला नाही" आणि "भेटायला नको म्हणाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना वेगळे रकाने हवेत.

आणि शेजारचा माणूस घेऊ नका. हे मी ठळक करून सांगते, कारण दमल्यावर प्रत्येक जण हेच करतो. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. घराला कुलूप. शेजारी ओट्यावर बसलेला हाताशी असतो, पण तो गावात थांबलाय म्हणजे त्याची शेती आहे, पगार आहे किंवा वय झालंय. अशा पाच-सहा बदल्या केल्या की रोजगार हमीच्या कामांबद्दलचा तुमचा आकडा ज्यांना त्या कामाची गरज कमी आहे त्यांचा होतो. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, मग राखीव यादीतलं, म्हणजे त्याच चिठ्ठीच्या पद्धतीने आधीच जास्तीची काढून ठेवलेली नावं असतील त्यातलं, नाव घ्या. जमलं तर सर्वेची तारीखच होळीच्या आसपास ठेवा, त्या दिवसांत आदिवासी भागात माणसं गावाकडे येतात.

४. प्रश्नावली

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. २५ प्रश्न, २० मिनिटं; त्यापुढे लोकांचं लक्ष चुलीकडे जातं.

"शेतकऱ्यांना उद्ध्वस्त करणाऱ्या निर्यातबंदीबद्दल तुमचं मत काय?" यात उत्तर आधीच भरलेलं आहे. "गेल्या हंगामात तुम्ही कांदा विकला का? खर्च निघाला का?" असं अनुभवावरून सुरू करा, मताचा प्रश्न नंतर घ्या. "रस्ते आणि पाणी यांबाबत समाधानी आहात का?" यात दोन प्रश्न आहेत, रस्ता झालाय आणि नळ कोरडा आहे, तर त्याने काय सांगावं?

योजनेबद्दल विचारताना योजना माहीत आहे का, मिळते का आणि ती कशी वाटते, हे तीन टप्पे वेगळे ठेवा. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळणारी बाई आणि अर्ज बाद झालेली बाई एकाच गल्लीत असते. दोघींची बेरीज करून काढलेलं "समाधान" कुणाचंच नसतं. योजनेचं नाव प्रश्नावलीत सुरुवातीला आलं तर पुढची सगळी उत्तरं तिच्या रंगात रंगतात, म्हणून सरकारच्या एकूण कामाचा प्रश्न आधी, योजना नंतर. मत कुणाला दिलं किंवा देणार, हे अगदी शेवटी.

"पूर्ण समाधानी, काहीसे समाधानी, तटस्थ..." ही पाच पायऱ्यांची शिडी शहरात चालते. चांदवडला एका आजोबांना मी ती दोनदा वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पोरी, रुपयात किती काम झालं ते विचार ना. दहा आणे झालंय." त्यांच्यापुढे पाच पायऱ्या घेऊन बसलेली मीच वेडी ठरले. आता मी प्रश्न दोन टप्प्यांत मोडते: आधी समाधानी की नाराज, मग खूप की थोडं. आणे मजेशीर आहेत, पण ते विचारायचे तर सगळ्यांनाच विचारावे लागतील, आणि विशीतल्या पोरांना रुपयाचे सोळा आणे सांगण्यात अर्धा दिवस जाईल.

भाषा हा वेगळाच विषय. सटाणा-मालेगावच्या पट्ट्यात "आहे"च्या जागी "शे" ऐकू येतं, तिथे अहिराणी बोलणारा मुलगा बरोबर असला की दार आणि मन दोन्ही उघडतं. मालेगाव मध्यमध्ये उर्दू फॉर्म छापून न्या. सुरगाण्याकडे त्याच भागातली मुलगी घ्या. पण प्रश्नाचं बोलीतलं रूप आधी लिहून ठेवा. प्रत्येकाने जागेवर आपापला अनुवाद केला तर दहा जणांनी दहा वेगळे सर्वे केल्यासारखं होतं.

छपाईआधी १५-२० जणांवर फॉर्म चालवून बघा. आपल्या ओळखीच्यांवर नाही.

५. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र, फोटोसह, गळ्यात दिसेल असं
- संस्थेचं किंवा महाविद्यालयाचं पत्र: सर्वे कशासाठी, माहितीचं काय करणार, शंका असल्यास कुणाला फोन करायचा
- त्या भागाची छापील यादी आणि निवडलेल्या अनुक्रमांकांचा कागद
- फोन किंवा टॅब, त्यात कोबो टूलबॉक्ससारखं फुकट मिळणारं, नेटवर्क नसतानाही चालणारं ॲप
- २०-२५ कोरे कागदी फॉर्म, कारण फोन बंद पडतोच
- पॉवर बँक, पॅड, दोन पेनं, न भेटलेल्यांची वही
- मताच्या प्रश्नासाठी चिठ्ठ्या आणि झाकणाचा डबा
- पाणी, टोपी. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी, फॉर्मसाठी

गावात पोचल्यावर सरपंच किंवा पोलीस पाटलांना पत्र दाखवा आणि शहरात जवळच्या पोलीस चौकीत कळवून ठेवा. यात परवानगी मागण्यापेक्षा ओळख देण्याचा भाग जास्त आहे. फक्त सरपंचांनी "चला, मी दाखवतो कुणाला विचारायचं" म्हटलं की नम्रपणे चहा घ्या आणि यादी पुढे करा. ते शेजारी उभे असताना पाणीपुरवठ्याचं खरं उत्तर कोण देईल?

६. कधी जायचं

सिडको, सातपूर: पाळ्यांप्रमाणे. संध्याकाळी सहा ते साडेआठ आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी. मालेगाव: यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, माणूस घरी सापडतो, पण नमाजाची वेळ सोडून. बागायती पट्टा: जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी, मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची, या दिवसांत भल्या सकाळी किंवा दिवे लागल्यावर.

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, शेकडो शेतकरी रिकामे बसलेले असतात. तिथे उभं राहून दिवसाला शंभर फॉर्म होतील असं वाटतं, आणि होतातही. पण त्यांत बायका जवळपास नसतात, मजूर नसतात, आणि त्या दिवशी भाव पडला असेल तर सगळ्या धोरणांना एकच शिवी मिळते. ती रांग बातमीसाठी उत्तम आहे.

७. दारात

स्वतःचं नाव, कुठून आलात, किती वेळ लागेल, आणि "नको वाटलं तर मध्येच थांबवा", हे चार वाक्यांत सांगा. आधार कार्ड, बँक, ओटीपी यांतलं काहीही मागू नका. अलीकडे पहिला प्रश्न आपल्यालाच येतो, "आमचं नाव कट होईल का?" लाडकी बहीणची पडताळणी सुरू झाल्यापासून वही-पेन घेतलेली बाई म्हणजे चौकशी, असं समीकरण झालंय. एका घरात माझ्यासमोर फ्रीजवर चादर टाकली गेली. मी काही बोलले नाही. पत्र वाचायला दिलं, नाव न लिहिता सुरू केलं, पहिले प्रश्न रस्त्याचे घेतले. पंधरा मिनिटांनी त्याच फ्रीजमधलं पाणी आलं.

दुसरा नेहमीचा प्रसंग: यादीत सुनेचं नाव आणि उत्तरं सासरे देतायत. "तिला काय कळतंय, लिहा तुम्ही." वाद घालू नका. "काका, तुमचंही ऐकते, पण चिठ्ठीत वहिनींचं नाव निघालंय, मला त्यांचंच लिहावं लागतं," असं म्हणून उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसायचं. इथे मुलींचा फायदा होतो. मुलं आत जाऊ शकत नाहीत, म्हणून जोडी करून पाठवा. मत कुणाला, हा प्रश्न तोंडी विचारू नका; चिठ्ठीवर खूण करून डब्यात टाकायला सांगा. चिठ्ठीवर फॉर्मचा क्रमांक असेल तर तसं त्यांना आधीच सांगा.

उत्तर ऐकून मान डोलावू नका. मला ही सवय मोडायला वर्ष लागलं.

८. रोज संध्याकाळी

फॉर्म त्याच दिवशी तपासा. एका मुलाचे सगळे फॉर्म आठ-नऊ मिनिटांत उरकलेत, किंवा सलग सगळ्यांचं उत्तर "काहीसे समाधानी" आहे, तर ते झाडाखाली बसून भरलेले असू शकतात. दहातल्या एका घरी दुसऱ्या माणसाने जाऊन दोनच प्रश्न विचारायचे: काल कुणी आलं होतं का, आणि किती वेळ बसलं होतं. मुलांना ओरडण्याआधी मोबदला कसा ठरवलाय ते बघा. फॉर्ममागे पैसे दिले की झाडाखाली बसणं वाढतं. दिवसाचे द्या.

९. आकडे काढताना आणि जाहीर करताना

भेटलेल्यांत पुरुष ६० टक्के आणि यादीत ५२ टक्के असतील तर पुरुषांच्या प्रत्येक उत्तराला ५२ भागिले ६० म्हणजे ०.८७ आणि बायकांच्या उत्तराला ४८ भागिले ४० म्हणजे १.२ वजन द्या, म्हणजे एक उत्तर तेवढ्या पटीने मोजा. थरांचंही तसंच. पण जे भेटलेच नाहीत त्यांना कुठलंही वजन परत आणत नाही. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर निवडलेली नावं किती, भेटले किती, कुलूप किती, नकार किती, हे छापा. प्रश्नांचे मूळ शब्द आणि तारखाही द्या.

निवडणूक जवळ असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ समोर ठेवा. कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मतचाचणीचे निकाल टीव्ही किंवा तशा माध्यमांतून दाखवता येत नाहीत. कलम १२६-अ प्रमाणे आयोगाने ठरवून दिलेल्या काळात मतदानोत्तर चाचणी (एक्झिट पोल) घेणं आणि प्रसिद्ध करणं दोन्ही बंद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे आदेश वेगळे वाचावे लागतात.

नावं आणि उत्तरं वेगळ्या फायलींत ठेवा, काम संपलं की नावांची फाइल नष्ट करा. छोट्या गावाचं नाव अहवालात देऊ नका. २० जणांत कोण काय बोललं हे गावाला लगेच कळतं. पेठ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीला मी अहवालाची प्रत नेऊन दिली होती. तिथल्या एका दादांनी पानं दोनदा उलटून विचारलं, "आमच्या गावाचं नाव कुठाय यात?" मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. म्हणाले, पाण्याचं आम्ही जे सांगितलं ते आमच्या नावानेच छापायचं होतं.